वाळूवरचं डावं पाऊल

वहिनीने वाळू पुसली आणि माझ्या हातातला थर्मास खाली पडला. तुम्ही म्हणाल, वाळू पुसली त्यात एवढं काय? तर ऐका. ज्या वाळूवर पाऊल उमटलंय त्या वाळूजवळ माझी वहिनी कुणाला जोरात शिंकूसुद्धा देत नाही. पाऊस आला तर स्वतःचा रेनकोट काढून त्या पावलावर घालते आणि आपण भिजत उभी राहते. एकदा माझा पाय चुकून एका ठशावर पडला, तर चार दिवस माझ्याशी बोलली नव्हती. त्याच बाईने त्या दिवशी सोळा माणसांसमोर दाताळं उचललं आणि वीस हात लांबीचा वाळूचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट करून टाकला. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

नीट पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल, ही नुसती आरडाओरडा करते. घरात तसं म्हणतातच. दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, लहानपणीच माझं नाव ठिणगी ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलं. मी शाळेची व्हॅन चालवते, दादाच्या घरात वरच्या खोलीत राहते, आणि सुट्टीच्या दिवशी वहिनीच्या, पावलं ओळखायला शिकवणाऱ्या शिबिराची माणसं नदीवर नेते-आणते. दादा पुस्तकं बांधतो. खालच्या पुढच्या खोलीत त्याचं पायाने चालवायचं शिलाई मशीन, कागद कापायचं यंत्र, खळीचा डबा. मधली खोली जेवायची. मागची खोली वहिनीची, आणि तिथे आत जायचं असेल तर आधी नाक मुठीत धरायचं.

कारण वहिनी पाणमांजरं मोजते. एका संशोधन संस्थेत ती जीवशास्त्रज्ञ आहे, पण संस्थेच्या खुर्चीवर ती बसलेली मी कधी पाहिली नाही. सव्वीस वर्षं नदीकाठीच असते. पाणमांजर स्वतः दिसत नाही, वर्षातून दोनदा दिसलं तर डोक्यावरून पाणी. तिला दिसतात ती त्याची पावलं आणि त्याच्या लेंड्या. त्या लेंड्या ती डब्यांत भरून, वर तारीख घालून आमच्या फ्रिजमध्ये ठेवते, दुधाच्या खालच्या कप्प्यात. त्यातून माशांची हाडं वेचून काढते, धुते, भिंगाखाली बघते. लग्न होऊन आली त्या वर्षी मी एकदा चटणी समजून डबा उघडला होता. पुढचं सांगत नाही.

पण हात मात्र बाईचे सोन्याचे. ओल्या मातीतल्या पावलावर प्लास्टरचं पातळ मिश्रण असं ओतते की बोटांमधल्या पडद्याची रेघ न् रेघ उठते. लाकडाचे पंजे कोरते, पाणमांजराचा, कोल्ह्याचा, कुत्र्याचा, मांजराचा, आणि ते काठीला बसवून शिबिराच्या वाळूवर असे चालवते की मुरलेला माणूसही फसतो. नमुन्यांच्या पिशव्या स्वतः शिवते. तिच्या नोंदवह्या दादा बांधतो, मेणकापडाचं कव्हर, दुहेरी टाके, कडेला पेन्सिल अडकवायला दोरीचं घर. एका जनावराला एक वही, असा तिचा नियम. त्या वह्यांवरून कधी त्या दोघांचं भांडण झालेलं मला आठवत नाही. त्यांचं कशावरूनच भांडण होत नसे. भांडायचं खातं माझ्याकडे.

आणि तिचा दुसरा नियम, मध्ये पडायचं नाही. बघायचं, मापायचं, लिहायचं, पुरेशा नोंदी झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. एकदा मी तिच्याबरोबर नदीकाठच्या आडोशात बसले होते. पाणमांजराचं पिल्लू धारेला लागलं, दोनदा बुडून वर आलं. माझा जीव वरखाली. मी उठायला लागले तर तिने माझा दंड असा धरला की आठवडाभर निळा होता. दुसऱ्या हाताने घड्याळ बघून लिहीत होती. चार मिनिटांनी आई आली आणि मानेला धरून पिल्लू घेऊन गेली. मी वहिनीला तिथेच बोल बोल बोलले. ती शांतपणे म्हणाली की आपण उडी मारली असती तर आई आली असती की नाही हे कधीच कळलं नसतं. मी म्हटलं, आणि आली नसती तर? तिने वहीचं पान उलटलं आणि पुढची वेळ लिहिली.

माझ्या भाचीच्या वेळीही तेच. पोरगी जन्मली तेव्हा हिने दूध किती वाजता, झोप किती मिनिटं, सगळं वहीत उतरवलं होतं. भाची आता दूरच्या गावी शिकते आणि मैत्रिणींना सांगते की माझ्या आईने मला वाढवलं नाही, माझा अभ्यास केला. आम्ही खूप हसतो त्यावर. हसत होतो म्हणायला हवं.

या वर्षी घरात चिचुंद्री शिरली. म्हणजे वहिनी म्हणाली, शिरली. दर शनिवारी संध्याकाळी ती मधल्या बोळात, झोपायच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत, खडूची बारीक पूड चाळणीने पसरायची आणि रविवारी सकाळी उकिडवी बसून टेप लावायची. मग ती पूड झाडायची कुणी? मी. मी तिला दहा वेळा सुनावलं की एका चिचुंद्रीसाठी सात महिने पूड टाकणारी बाई मी जन्मात पाहिली नाही, सरळ पिंजरा लाव. ती नुसती हं म्हणायची. दादा शेजारीच पेपर वाचत बसलेला असायचा.

आता त्या दिवसाचं. ऑगस्टातलं शिबिर, तीन दिवसांचं. सोळा माणसं, त्यात दोन शिक्षिका, एक बँकेतली बाई, आणि एक निवृत्त पोस्टमन. नदीकाठी शेडच्या मागे वाळूचा पट्टा तयार केलेला असतो. सकाळी तो सपाट करायचा, शिकणाऱ्यांना शेडच्या पुढच्या बाजूला बसवायचं, आणि मग त्यावरून कोण गेलं ते त्यांनी पावलांवरून ओळखायचं. शेवटचा धडा नेहमी माणसाचा असतो. दरवर्षी मी आणि दादा त्या वाळूवरून चालत जातो आणि ते लोक सांगतात, बाई की बुवा, वजन किती, हातात ओझं होतं का, घाईत होते का. दरवर्षी आमची यथेच्छ टिंगल होते.

या वर्षी वहिनीने सांगितलं, एकटी ठिणगीच चालेल, दादाने व्हॅनपाशी थांबावं. मला वाटलं, उन्हाचं म्हणत असेल. मी चालले, मग व्हॅनमधून चहाचा एक थर्मास घेऊन कडेने परत निघाले. आणि आमचे दादासाहेब, सवयीने म्हणा की हौसेने म्हणा, दुसरा थर्मास घेऊन माझ्या मागून त्याच पट्ट्यावरून चालत गेले. मी पाहिलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शेडपुढून सगळे आले. माझ्या पावलांवर आधी चर्चा झाली. बँकेतली बाई म्हणाली, टाचा इतक्या आपटल्यात, ही बाई रागीट असावी. सगळे हसले, मीही हसले. मग पोस्टमन दुसऱ्या ओळीपाशी बसला. तो बराच वेळ उठेचना. बोटाने अंतर मोजलं, पुढे सरकला, परत मागे आला. या माणसाने चाळीस वर्षं पायी टपाल वाटलं, त्याला चाल म्हणजे काय ते कुणी शिकवायला नको. तो म्हणाला की पुरुष आहे, साठीच्या आतबाहेर, हातात हलकं ओझं. आणि मग म्हणाला,

"डावं पाऊल हा माणूस उचलत नाहीये. पुढचा भाग घासत नेतोय. बूट चावत असेल तर माणूस टाच वाचवतो, हे तसं नाही. याला पायच उचलता येत नाहीये. बाई, हा कोण असेल त्याला सांगा, आजच डॉक्टरकडे जा."

मी हसतच दादाकडे बघितलं. दादा हसत नव्हता. वहिनीकडे बघितलं तर तिचा चेहरा खडूसारखा पांढरा. आणि मग तिने दाताळं उचललं.

मला त्या क्षणी कळलं. पाऊल वाचून कुणाला धक्का बसला तर तो कोण, का, किती, असं विचारतो. पुसत नाही. जो पुसतो त्याला आधीच माहीत असतं.

वहिनीने जेवणाची सुट्टी जाहीर केली आणि नदीकडे चालती झाली. मी व्हॅनमध्ये गेले. तिची पिशवी पुढच्या सीटवर होती. दुसऱ्याच्या पिशवीत हात घालू नये हे मलाही शिकवलंय, पण मी घातला. पाणमांजराची वही, कोल्ह्याची वही, आणि खाली एक तिसरी, कव्हरवर काहीच न लिहिलेली. पहिल्या पानावर जानेवारीची तारीख. खाली तिचं ते मुंगीएवढं अक्षर. नर, प्रौढ, वय अठ्ठावन्न. डावी ढांग एकसष्ट सेंटिमीटर, उजवी सहासष्ट. पुढच्या रविवारी साठ आणि सहासष्ट. त्याच्या पुढच्या रविवारी, न्हाणीघरातून येताना डाव्या अंगठ्याची ओली रेघ, लांबी चार सेंटिमीटर. पानामागून पान. रविवारमागून रविवार.

चिचुंद्री नव्हतीच. सात महिने माझ्या घरात चिचुंद्री नव्हती, मी झाडत होते ती माझ्या भावाची पावलं होती.

वही मिटून टाकावीशी वाटली. तरी मी वाचत राहिले, आणि मार्चच्या एका पानावर मला मी भेटले. लिहिलं होतं, आज नणंद त्याच्यावर ओरडली, पाय ओढत चालू नकोस, चपला झिजतात. डाव्या चपलेचा पुढचा भाग पूर्ण झिजलेला. देवाशपथ सांगते, मला ते ओरडणं आठवतसुद्धा नव्हतं. मी रोज दहा गोष्टींवर ओरडते, त्यातलंच एक. म्हणजे मलाही दिसलं होतं. मला दिसलं आणि मला चपला दिसल्या.

वहिनी नदीवरून परत आली तेव्हा वही माझ्या हातात होती. तिने ती ओढून घेतली नाही. दाराच्या पायरीवर बसली. मी जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. तुझा नवरा म्हणजे काय नदीतलं जनावर आहे का, म्हटलं. सात महिने तू टेप घेऊन त्याच्या मागे फिरलीस, एकदा तोंड उघडून विचारता आलं नाही? आडोशात बसलीस का तू स्वतःच्या घरात? ती ऐकून घेत होती. शेवटी मी दमले तेव्हा ती बोलली.

"आधी वाटलं, एक महिना बघू, कदाचित कमी होईल. मग कमी होईना, तर वाटलं अजून एक. लिहीत होते तोवर ते आकडे होते ग. तोंडाने बोलले असते तर त्याचा आजार झाला असता."

सव्वीस वर्षांत ती मला इतकं लांब वाक्य कामाशिवाय कधी बोलली नव्हती. पण माझा राग शमला नाही. मी म्हटलं, उद्या डॉक्टर, आणि तिथे ही वही तू स्वतःच्या हाताने टेबलावर ठेवायचीस, मी बघणार आहे.

मेंदूच्या डॉक्टरबाईंनी तपासण्या लिहून दिल्या. दादाला त्या गोल यंत्रात आत घातलं, फोटो काढले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आम्हा तिघांना आत बोलावलं. लहानशी खोली, भिंतीवर उजेडाची पाटी, त्यावर माझ्या भावाच्या डोक्याचे फोटो लावलेले. मी तो माणूस पन्नास वर्षं ओळखते आणि त्याच्या आत डोकावायची अशी पाळी येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. उजव्या बाजूला वर, मधोमध, पांढरी गाठ. सुपारीपेक्षा मोठी. डॉक्टरबाई म्हणाल्या, गाठ साधी आहे, कर्करोगाची नाही, काढता येईल, जिवाला फारसा धोका नाही. मी हुश्श करणार तोच पुढे म्हणाल्या, पण डाव्या पायाचा कारभार जिथून चालतो नेमकी तिथे ती बसून दाबतेय, त्यामुळे पाय कितपत परत येईल ते किती दिवस दाबलंय त्यावर आहे. कधीपासून होतंय हे?

वहिनीने वही टेबलावर ठेवली. मी सांगायची गरज पडली नाही.

डॉक्टरबाईंनी पहिलं पान उघडलं आणि चष्मा सारखा केला. मग एकेक पान उलटत गेल्या. मी दादाकडे बघायचं धाडस करत नव्हते, कारण त्याला वहीतलं काही माहीत नाही असं मी धरून चालले होते. आता कळेल आणि हा माणूस खचेल, असं वाटत होतं. डॉक्टरबाई एप्रिलच्या पानावर थांबल्या. इतक्या नेटक्या नोंदी मला पेशंटकडून कधी मिळाल्या नाहीत, म्हणाल्या. आणि मग हळूच, एप्रिलमध्ये आला असतात तर पाय बहुतेक पूर्ण आला असता. आता पूर्ण येईल असं मी म्हणणार नाही.

माझी जीभ वळवळायला लागली. सगळं साठवून ठेवलं होतं, आता भडका उडवायचाच होता. तेवढ्यात डॉक्टरबाईंनी दादाला विचारलं की तुम्हाला स्वतःला पहिल्यांदा कधी जाणवलं.

"जानेवारीत," दादा म्हणाला. "मशीनचं पायडल चुकायला लागलं. पाय दाबला असं वाटायचं आणि सुई खालीच आलेली नसायची."

मी त्याच्याकडे वळून बघितलं. वहिनीनेही.

"मग आला का नाहीत?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

दादा जरा लाजल्यासारखा हसला. वहिनीकडे हात केला.

"ही बघत होती ना. दर रविवारी माझी पावलं मोजायची, मला दिसायचं की बोळात. हिच्या नजरेतून काही सुटत नाही. म्हटलं, काही वाईट असतं तर ही बोललीच असती."

साठवलेला भडका तिथेच विझला. वहिनी त्याच्याकडे नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "मला वाटलं, तुला काही जाणवतच नाहीये." एवढंच बोलली आणि टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली, मोठमोठ्याने, लहान मुलं रडतात तशी. दादा तिच्या पाठीवर थोपटत होता, जसं काही आजारी तीच होती. डॉक्टरबाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि शस्त्रक्रियेची तारीख लिहायला घेतली.

गाठ निघाली. आता वर्ष होत आलं. दादा जेवतो, हसतो, पुस्तकं बांधतो, मशीन उजव्या पायाने चालवायची सोय करून घेतलीय. डावं पाऊल मात्र उचललं जात नाही, त्याला घोट्यापासून प्लॅस्टिकचा आधार लावावा लागतो. वहिनी तो सकाळी स्वतः बांधते. बांधताना विचारते, दुखतंय का, आणि तो सांगतो, कधी हो, कधी नाही. एवढा एक प्रश्न. मी जिन्यावरून रोज ऐकते, आणि जानेवारीतल्या त्या पहिल्या रविवारी तो विचारायला तिला दहा सेकंद लागले असते, हे माझ्या मनातून अजून जात नाही.